काचवाल्याचा पांढरा हत्ती

काचवाला दारातून नेहमी आडवा शिरायचा. हातात काही नसलं तरीही. जन्मभर काचा वाहून अंगाला तशी सवयच जडली होती: आधी उजवा खांदा, मग पोट, मग उरलेला तो. स्वतःच्या लग्नातही तो हॉलच्या भल्याथोरल्या दारातून असाच तिरका आत आला, आणि बायकोला वाटलं, नवरा लाजतोय. लाजणं त्याच्या गावीही नाही, हे तिला आठवड्याभरात कळलं. उलट तो असा गडगडून हसायचा की दुकानात उभ्या केलेल्या काचाही त्याच्याबरोबर किणकिणायच्या.

शाळेशी त्याचं कधी फारसं जमलं नव्हतं. "मी वर्गात कायम खिडकीबाहेर बघायचो," तो सांगायचा, "म्हणून नशिबानं धंदाच खिडक्यांचा दिला. म्हणालं, बघ लेका, आता पोटभर बघ!"

त्या वर्षी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. खाली दुकान आणि वर दोन खोल्या अशी जागा मिळाली होती. खाली जाड लोकरी कापड ताणून बसवलेलं लांबरुंद टेबल, भिंतीशी लाकडी कप्प्यांत पुस्तकांसारख्या उभ्या ठेवलेल्या काचा, आणि सगळीकडे काच चौकटीत बसवायच्या पुट्टीचा तेलकट वास. वर अरुंद स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे खिडकी असलेली एक खोली. सगळं मनासारखं झालं, फक्त एक गोष्ट राहिली. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला जवळच्या शाळेत जागा मिळेना. वर्ष अर्ध्यावर आलेलं, वर्ग गच्च भरलेले. "पुढच्या वर्षी या," असं सांगून शाळेनं त्यांना हसतमुखानं वाटेला लावलं.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. का, ते तिला पाच मिनिटं बघितलं की कळायचं. ती चालायची नाही, गिरक्या घेत पोचायची. एका जागी बसलेली दिसली तर हमखास ताप आलेला असायचा.

"वर्ष फुकट घालवायचं नाही," भिंगरीची आई म्हणाली. "घरीच शिकवू."

आई औषधांच्या दुकानात दुपारपाळीला असायची. पाळीभर गोळ्या मोजून द्यायच्या, त्यामुळे तिला कुठलीही गोष्ट ‘सकाळी एक, जेवणानंतर एक’ अशीच सुचायची. तिनं वेळापत्रक केलं. सकाळी वाचन, लेखन, गणित; ते तिच्याकडे. दुपारची भिंगरी बापाकडे.

"आणि मी काय शिकवू?" काचवाल्यानं धास्तावून विचारलं.

"तू शिकवू नकोस. अभ्यास म्हणजे जेवण, ते मी वाढते. तू फक्त तोंडी लावायला काहीतरी दे. गंमतजंमत. दोनच अटी. खर्च नको आणि पसारा नको."

पहिली अट त्यानं शेवटपर्यंत पाळली. दुसरीबद्दल न बोललेलं बरं.

सुरुवात मात्र पार फसली. पहिल्याच दुपारी काचवाल्यानं केस विंचरले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि टेबलाशी उभं राहून घसा खाकरला. "काच," तो म्हणाला, "ही वाळूपासून बनते." मग वाळू, मग भट्टी, मग ती किती तापते, असं त्याचं सुरू झालं. आपण फारच छान बोलतोय असं त्याला वाटायला लागलं, तेवढ्यात टेबलावरून बारीक घोरणं ऐकू आलं. भिंगरी लोकरी कापडावर गाल टेकून गाढ झोपली होती. दिवसाढवळ्या आणि ताप नसताना!

"मास्तरकी आपल्याला झेपायची नाही," तो आपल्या जोडीदाराला म्हणाला. जोडीदार म्हणजे ढब्बू. मोठ्या काचा एकट्यानं उचलता येत नाहीत, म्हणून काचेचं दुसरं टोक कित्येक वर्षं ढब्बूच्या हातात असायचं. माणूस गोल, शांत आणि बोलायला महाकंजूष.

"हं," ढब्बू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काचवाल्यानं भाषण दिलं नाही. आरशाचा तळहाताएवढा तुकडा घेतला, त्याच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि तो भिंगरीच्या हातात दिला. "जा, ऊन पकड."

भिंगरी पायरीवर जाऊन बसली. तिनं आरसा हलवला आणि समोरच्या भिंतीवर उन्हाचा कवडसा टुणकन उमटला. तिनं तो खिडक्यांवरून पळवला, फाटकावरून उडवला, झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर बसवला आणि शेवटी समोरच्या सलूनमध्ये घुसवला. सलूनवाले काका एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. कवडसा आधी त्यांच्या टकलावर बसला. मग गिऱ्हाइकाच्या फेसाळ हनुवटीवर. मग पुन्हा टकलावर.

काका वस्तरा खाली ठेवून दारात आले. बाप आता बोलणी खायच्या तयारीनं आडवा बाहेर आला. काकांनी भिंगरीकडे रोखून बघितलं, आत गेले, गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवायचा गोल आरसा घेऊन आले आणि त्यांनी तिच्या नाकावर कवडसा मारला.

त्या दुपारी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी बराच वेळ तशीच राहिली. रस्त्याच्या दोन बाजूंनी दोन कवडसे एकमेकांचा पाठलाग करत होते आणि भिंगरी किंचाळून हसत होती. आपला कवडसा भिंतीवरून हळूहळू सरकतो, आरसा अजिबात न हलवता सरकतो, हे तिचं तिलाच दिसलं. "बाबा, कोण ढकलतंय?" तिनं विचारलं. मग टेबलावर चेंडू आला, दिवा आला, आणि पृथ्वी काय करते ते ढब्बूला सूर्य करून समजावण्यात आलं. ढब्बू सूर्य म्हणून शोभलाही. काही बोलायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

अशी दुपारची तोंडीलावणी सुरू झाली. रिकाम्या बरण्यांत कमीजास्त पाणी भरून चमच्यानं वाजवायचं. त्यात गाणं एकच बसलं, पण ते इतक्या वेळा वाजलं की ढब्बू काच उचलतानाही तेच गुणगुणायला लागला. काचेच्या तिरप्या कापलेल्या कडेतून ऊन सोडलं की छतावर रंगांचा पट्टा पडायचा. त्याच्याखाली झोपून रंग मोजायचे. बाप सहा म्हणायचा, भिंगरी नऊ. भांडण व्हायचं. कडांना मात्र हात लावायचा नाही, हा नियम कडक होता. एरवी लोण्यासारखा मऊ असणारा बाप त्या एका गोष्टीला लोखंड व्हायचा. मोठी काच हलताना भिंगरीनं हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकायचं, म्हणजे टेकायचं.

एकदा ती अशीच भिंतीला टेकून उभी होती. बाप सलूनच्या दाराच्या नव्या काचेवर पांढरी भुकटी पाण्यात कालवून कुंचल्यानं भलीमोठी फुली काढत होता.

"फुली का?"

"काच आहे हे कळावं म्हणून. नाहीतर लोक सरळ चालत येतात आणि नाक आपटतात."

"पण फुलीच का?"

"मग काय काढायचं?"

"मांजर का नाही?"

काचवाला कुंचला हातात धरून फुलीकडे बघायला लागला.  बापाचा बाप काचवाला, त्यानंही फुलीच काढली. हा स्वतः इतकी वर्षं फुलीच काढत आला.  त्यानं ढब्बूकडे बघितलं. ढब्बूनं खांदे उडवले. "मांजर चालेल," तो म्हणाला. ढब्बूच्या मानानं हे भाषणच झालं.

काचवाल्यानं फुली पुसली आणि कुंचला लेकीच्या हातात दिला.

ते मांजर फार देखणं नव्हतं. एका बाजूला मिशा जास्त झाल्या होत्या आणि शेपूट काचेत न मावल्यामुळे पोटाखालून वळवावं लागलं होतं. पण काच सलूनच्या दाराला बसली आणि तासाभरात लोक थांबून बघायला लागले. पुट्टी वाळली की फुली पुसायची असते. काकांनी मांजर पुसू दिलं नाही. "माझ्याकडे कालपर्यंत लोक केस वाढले की यायचे," ते म्हणाले. "आता मांजर बघायला येतात आणि लाजेकाजेस्तव केस कापून जातात!"

मग काय, वाऱ्यावर वार्ता पसरली. ज्याची काच फुटेल तो काच सांगायच्या आधी प्राणी सांगायला लागला. चप्पलवाल्याला गोगलगाय हवी होती. शिंपीणबाईंना जिराफ, कारण त्यांची खिडकी उंच आणि अरुंद होती. दातांच्या डॉक्टरांनी मगर मागितली आणि बजावलं, "दात सगळे आले पाहिजेत हं."

"मगरीला दात किती?" भिंगरीनं बापाला विचारलं.

"भरपूर," बाप म्हणाला.

हे उत्तर डॉक्टरांना चालण्यासारखं नव्हतं. म्हणून बापलेक वाचनालयात गेले. ते कोपऱ्यावरच होतं आणि आत जायला कुणाची ना नव्हती. तिथल्या ग्रंथपालबाई उंच, सडपातळ, आणि बोट ओठांवर ठेवण्यासाठीच जन्माला आल्यासारख्या. त्यांनी न बोलता प्राण्यांचं जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. सगळं ठीक चाललं होतं. पण एका पानावर पाणघोड्याच्या जांभईचं चित्र निघालं, भिंगरीनं मान वर करून तश्शी जांभई देऊन दाखवली, आणि काचवाल्याला हसू आवरेना. त्याचं हसू म्हणजे कळलंच. दोघंही बाहेर पायरीवर. पुस्तक मात्र ग्रंथपालबाईंनी स्वतः आणून हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून प्राण्यांबरोबर त्यांची नावंही आली. भिंगरीनं प्राणी काढायचा आणि खाली नाव लिहायचं. पण एक भानगड होती. तिला नेहमी काचेच्या आतल्या बाजूनं काढावं लागायचं, म्हणजे पावसापाण्यानं चित्र जायचं नाही. आणि आतून लिहिलेलं बाहेरून उलटं दिसतं. चप्पलवाल्याची ‘गोगलगाय’ रस्त्यावरून वाचताना लोकांच्या माना वाकड्या झाल्या. मग बापानं तिला शिकवलं: नाव उलटं लिहायचं, काना दुसरीकडे, वेलांटी दुसरीकडे. बापाला स्वतःला ते जमायला दोन दिवस लागले. लेकीला दुपार पुरली. तिला तो खेळ इतका आवडला की ती स्वप्नातही उलटी लिहीत असावी.

आणि एका सकाळी आईनं शब्द घातले: घर, नळ, चमचा, बादली. भिंगरीनं जीभ बाहेर काढून, मन लावून सगळे लिहिले. उजवीकडून डावीकडे. एकूण एक अक्षर उलटं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती जिन्यावरून धावत दुकानात आली.

"अहो," ती म्हणाली.

काचवाल्याच्या हातातली पट्टी खाली पडली. बायको चारचौघांत त्याला ‘अहो’ म्हणायची आणि घरात ‘अरे’. घरात ‘अहो’ आलं की समजावं, काहीतरी शेकणार आहे.

"पोरगी उलटं लिहितेय. सगळं उलटं! डोळ्यांचं काही आहे की डोक्याचं? मी आजच रजा टाकते, डॉक्टरांकडे जाऊ. माझंच चुकलं. मी फार घाई केली वाटतं..." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

काचवाला हसणार होता. पण ते डोळे बघून त्यानं हसू गिळलं, आणि ते गिळताना त्याला ठसका लागला. "तू बाहेर जा," तो खोकत म्हणाला. "रस्त्यावर जाऊन उभी राहा. जा तर खरी."

ती गेली. दुकानाच्या दर्शनी काचेमागे भिंगरी आली, कुंचला घेतला आणि आतून लिहायला लागली. बाहेर उभ्या असलेल्या आईसमोर एकेक अक्षर सरळ, गोल, नीटस उमटत गेलं: ‘आई ओरडू नको.’

आई बघत राहिली. एकही चूक नव्हती. ‘ओ’चा काना जागच्या जागी, ‘डू’चा उकार दीर्घ. रडू आणि हसू एकदमच आलं, त्यामुळे ती थोडा वेळ दोन्ही करत राहिली. सलूनवाले काका दारात येऊन म्हणाले, "वहिनी, पाणी आणू का?"

"नको," ती म्हणाली. "कुंचला आणा!"

त्या सकाळी गणित झालंच नाही. आईला उलटं लिहायचं होतं. औषधांच्या चिठ्ठ्यांवरची डॉक्टरांची अक्षरं वाचणारी बाई, पण तिला स्वतःचं नाव काही उलटं जमेना. प्रत्येक वेळी एखादं अक्षर चुकून सरळ निघायचं आणि भिंगरी टाळ्या पिटून ओरडायची, "आई, परत!"

पुढे वाऱ्यानं झाडाची फांदी मोडून वाचनालयाच्या दर्शनी काचेवर आली. काच उभी तडकली. नवी काच म्हणजे काचवाल्यानं आजवर कापलेल्यांत सगळ्यांत मोठी. टेम्पोत मावेना. वाचनालय कोपऱ्यावरच, तेव्हा ठरलं, चालतच न्यायची.

"प्राणी कुठला?" ग्रंथपालबाईंना विचारायला भिंगरी स्वतः गेली.

 बाई इकडेतिकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हत्ती. जेवढा मावेल तेवढा."

पांढरा हत्ती पोसणं म्हणजे खर्चाचं काम, असं म्हणतात. या हत्तीला वाटीभर भुकटी आणि स्टूल एवढंच लागलं. भिंगरीनं तो काढला तेव्हा बाप तिला कमरेला धरून उभा होता. सोंड वर, कान सुपाएवढे, खाली उलट्या अक्षरांत ‘हत्ती’. भुकटी वाळली. दोघांनी हातमोजे घातले. "हं," ढब्बू म्हणाला, आणि काच उचलली.

रस्त्यावर जे दिसलं ते कुणी विसरणार नाही. ऊन असं काही होतं की काच दिसतच नव्हती. दिसत होता फक्त हत्ती. पांढरा, माणसापेक्षा उंच, जमिनीपासून हातभर वर, डुलत डुलत हवेतून चालला होता. पुढे एक आडवा चालणारा माणूस, मागे एक गोल माणूस, आणि सगळ्यांच्या पुढे हात पाठीमागे बांधून, पण गिरक्या घेत, भिंगरी. "बाजूला व्हा! हत्ती आलाय!"

लोक बाजूला झाले. दुकानांतून बाहेर आले, गच्च्यांवर आले. सलूनमधून तिघं जण गळ्यात कापड बांधलेले तसेच धावत आले. बस थांबली. चालकानं भोंगा वाजवला नाही. दार उघडून खाली उतरून उभा राहिला. सगळं कसं झकास चाललं होतं, एवढ्यात डावीकडून आरडाओरडा झाला.

"आमच्याकडून नाव उलटं दिसतंय!"

बरोबरच होतं. उजव्या बाजूचे लोक ‘हत्ती’ वाचून खूश होते, डावीकडच्यांच्या माना वाकड्या.

"असं नाही चालायचं," चप्पलवाला म्हणाला. "इकडच्यांनी काय घोडं मारलंय?"

भिंगरी थांबली. तिनं दोन्ही बाजूंना बघितलं. न्यायाचा प्रश्न होता. "बाबा, फिरवा."

"अगं, एवढी काच भररस्त्यात..."

"फिरवा!" डावी बाजू एका सुरात ओरडली.

काचवाल्यानं ढब्बूकडे बघितलं. ढब्बूनं घाम पुसायला हात नव्हता म्हणून खांद्यावर कपाळ घासलं. आणि दोघांनी पावलं आवळत, श्वास धरून, बससमोर त्या भल्याथोरल्या हत्तीला गर्रकन नाही, अगदी सावकाश, एखाद्या राजासारखी गिरकी घ्यायला लावली. सोंड उजवीकडची डावीकडे आली. डावी बाजू ‘हत्ती’ म्हणून गर्जली. मग उजव्या बाजूचे म्हणाले, आम्हाला परत एकदा.

एवढ्यात त्याच रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर आई आली. हातात कुणाच्यातरी खोकल्याच्या औषधाची बाटली तशीच होती. तिनं हत्ती बघितला, बस बघितली, आपला नवरा बघितला. त्याच्या कपाळावर घामाचे ओघळ, आणि हसू दाबल्यामुळे गाल फुगलेले. तो हसला असता तर काच हलली असती, हे तिच्या लक्षात आलं.

"अहो!" ती चारचौघांत ओरडली. "हसू नका हं! पोचेपर्यंत हसू नका!"

तो हसला नाही. काच कोपऱ्यापर्यंत गेली, चौकटीत बसली, कडेनं पुट्टी फिरली. ग्रंथपालबाई आतून काचेशी उभ्या राहून बघत होत्या. शेवटचा अंगठा फिरवून झाला आणि मग काचवाला पायरीवर बसला आणि जो हसायला लागला तो थांबेचना. भिंगरी हसली, आई हसली. ढब्बूसुद्धा हसला, त्याचा आवाज बारीक, शिट्टीसारखा निघाला, ते ऐकून बाकीच्यांची पोटं दुखायला लागली. ग्रंथपालबाई दार उघडून बाहेर आल्या. बोट ओठांपर्यंत नेलं. पण ओठच हसत होते, बोट काय करणार!

वर्ष संपलं तसं शाळेनं शब्द पाळला. पहिल्या दिवशी आईबाप दोघंही फाटकापर्यंत गेले. भिंगरीनं मागे वळूनही बघितलं नाही. गिरक्या घेत आत गेली, आणि आतून कुणीतरी "तू कोण गं?" असं विचारल्याचं आणि तिनं लांबलचक उत्तर सुरू केल्याचं ऐकू आलं.

दोघं बाहेर उभे राहिले. आईनं दिवसभराची रजा टाकली होती, त्यानं दुकान बंद ठेवलं होतं. लेक रडली तर कुणी हवं म्हणून. लेक रडली नाही.

"आता?" तो म्हणाला. 

"आता काय, घरी."

पण घरी जायची वाट बागेवरून होती. बाग रिकामी होती. सगळी पोरं शाळेत. झोके नुसतेच लोंबकळत होते. ती थांबली. तिनं पर्स बाकावर ठेवली आणि एका झोक्यावर जाऊन बसली.

"अगं, लहान मुलांसाठी आहे तो," तो म्हणाला.

"मग तू ढकल की."

त्यानं ढकललं. मग शेजारच्या झोक्यावर तोही बसला, आडवा होऊन, कसाबसा मावून. साखळ्या करकरल्या. रखवालदार लांबून शिट्टी फुंकत, हातवारे करत धावत येत होता आणि ती दोघं पाय पुढे ताणून उंच, आणखी उंच जात होती.